गढूळ पाण्यातला ध्वनीचा वेग

१८ ऑगस्ट, सोमवार
आजपासून आळस बंद. पीएच.डी.ची ही शेवटची मुदतवाढ. ४ सप्टेंबरला समितीपुढे प्रेझेंटेशन. तिथे काही दाखवलं नाही तर रजिस्ट्रेशन रद्द. विषय तसा सोपा. शाडूचं गढूळ पाणी घ्यायचं, त्यातून अल्ट्रासाउंड सोडायचा, वेग मोजायचा आणि त्यावरून मातीच्या कणांचा अंदाज बांधायचा. तरी इतकी वर्षं लागली याला कारणं आहेत. पहिलं कारण पेण-रोहा एस.टी.: घर पेणला, लॅब रोह्याला.

१९ ऑगस्ट
जोह्याला काळुरामच्या गणपतीच्या कारखान्यात माती आणायला गेलो. सण तोंडावर, त्याला मान वर करायला फुरसत नाही. कशाला पायजे माती, म्हणाला. सांगितलं. मंग गणपतीची सोनोग्राफी करताव काय सर, असं सगळ्या कारागिरांसमोर विचारलं. मी हसलो नाही. माती मात्र चांगली दिली.

२२ ऑगस्ट
रोहा. कॉलेजची लॅब. यंत्राच्या सेलमध्ये, म्हणजे छोट्या भांड्यात, गढूळ पाणी भरलं. द्रव शांत झाल्याशिवाय रीडिंग नाही, ही माझी शिस्त. म्हणून सेल भरायचा, कॅन्टीनला जायचं, चहा घ्यायचा, मग परत. आलो तर पाणी निवळशंख. रीडिंग सुरेख. वेग साध्या पाण्याइतकाच.

२३ ऑगस्ट
दुप्पट माती. वेग तोच. तिप्पट. तोच. आधी घाबरलो. मग डोक्यात उजेड पडला, की हाच तर शोध. अल्ट्रासाउंड शाडूला जुमानतच नाही. धाटाव एमआयडीसीतल्या कंपन्या असलं काहीतरी शोधतच असणार. बायकोला, आसावरीला, सांगितलं. ती म्हणाली, छान, पण नारळ आणायचे होते ते कुठे आहेत.

२६ ऑगस्ट
आज रीडिंग घ्यायचीच होती. पण उद्या गणपती, रामवाडीपासून हायवे तुंबलेला. थकवाही फार आहे. सॅम्पलची बादली बाहेर पॅसेजमध्ये ठेवली, घरात पाहुण्यांनाच जागा नाही.

२८ ऑगस्ट
अनर्थ. शेजारच्या धोंडुबाईंनी आपला दीड दिवसाचा गणपती माझ्या बादलीत विसर्जित केला. आरती करून, दुर्वा-फुलांसकट. मी धावलो, तोवर देव कमरेपर्यंत पाण्यात. धोंडुबाई म्हणाल्या, माती कालवलेली बादली दिसली, आमाला वाटला सरांनी सगल्यांची सोय केली. बाहेर काढा कसं म्हणणार? हात जोडले. प्रसाद घेतला.

३० ऑगस्ट
माती संपली. काळुराम फोन उचलत नाही. शेवटी बादलीतलंच पाणी, फुलं-दुर्वा काढून, लॅबमध्ये नेलं. त्यात आता अख्खी मूर्ती विरघळलेली. चहा घेऊन आलो. वेग तोच. म्हणजे शंकाच मिटली. साक्षात देव उतरला तरी ज्यात फरक पडत नाही, तो नियमच म्हणायचा. आता नाव तेवढं ठरवायचं राहिलं.

३ सप्टेंबर
स्लाइड्स तयार. आभारात धोंडुबाईंचं नाव घातलं, मग काढलं. आसावरीने विचारलं, एवढी माती घालून काहीच कसं होत नाही? म्हटलं, यालाच संशोधन म्हणतात. आडवा झाल्यावर तिचा प्रश्न पुन्हा आठवला. कूस बदलली.

४ सप्टेंबर
माझ्या गाइड सरोजिनी मॅडम. त्यांनी पहिल्याच स्लाइडला थांबवलं. सेल भरल्यावर रीडिंग किती वेळाने घेता? म्हटलं, चहा घेऊन. समितीतले एक सर खिडकीबाहेर बघायला लागले.

माती तळाला बसत होती. मी वरचं स्वच्छ पाणी मोजत होतो. दर वेळी.

मॅडम रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. म्हणाल्या, साध्या पाण्याची रीडिंग मात्र अगदी अचूक आहेत. ती बी.एस्सी.च्या पुस्तकात मागे तक्त्यात छापलेली असतात. ते पुस्तक मीच शिकवतो.

रजिस्ट्रेशन रद्द. वाईट वाटलं, आणि खरं लिहायचं तर सुटल्यासारखंही वाटलं. निघताना मॅडमना विचारलं, पाणी हलतं ठेवून लगेच रीडिंग घेतली असती, तर किती वर्षं लागली असती?

त्या म्हणाल्या, वर्षं कशाला, आठवड्याचं काम होतं.