उसने डोळे

४ जून
नोकरीचा पहिला दिवस, आणि पहिल्याच दिवशी मी मॉडेल झाले! जुने फोटो दुरुस्त करून देणारं हे दुकान. मालकांना सगळे काकाच म्हणतात. नवे दिवे तपासायला त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि धडाधड फोटो काढले. कंप्युटरवर मोठे करून बघितले, तर डोळे टपोरे आणि नाक मात्र बटाटा. नाकाच्या दुरुस्तीचे वेगळे पैसे पडतील, म्हणाले. मला गल्लीकडची खिडकी, फिरती खुर्ची आणि स्वतःचा चहाचा कप मिळालाय. आणखी काय हवं?

९ जून
हात बसतोय. चिरा बुजवते, ओलीचे डाग काढते. आज एका आजोबांचा वाळवीने खाल्लेला कान परत बसवला. काका शिकवताना चिडत नाहीत, पण एका बाबतीत फार कडक आहेत. फोटोत कुणाचे डोळे मिटलेले असतील, तर त्याच माणसाच्या दुसऱ्या फोटोतून उघडे डोळे घ्यायचे. नसतील तर मिटलेलेच राहू द्यायचे. दुसऱ्या कुणाचे लावायचे नाहीत. का, म्हणून विचारलं तर चष्मा पुसत बसले.

१३ जून
काका बाहेरगावी गेलेत. आज एक बाई आली, माझ्याहून थोडीच मोठी. तिची आई नुकतीच गेली. आईचा एकच धड फोटो, आणि त्यात नेमके डोळे मिटलेले. आई शेवटी बरेच दिवस बेशुद्ध होती, डोळे न उघडताच गेली. तेवढे उघडून द्या, म्हणाली. नाही म्हणायला जीभ रेटेना. दुसरा फोटो आणला होता, पण त्यात डोळ्यांच्या जागी नुसते ठिपके. संध्याकाळपर्यंत झटले. शेवटी दिवे तपासताना काढलेल्या फोटोतले माझेच डोळे लावले. कडेने सुरकुत्या घातल्या, जरा थकवले. असे चपखल बसले की मी स्वतःवरच खूश.

१५ जून
ती फोटो न्यायला आली. काचेवरून हात फिरवत रडली. अगदी अशीच बघायची, म्हणाली. मग फोटोलाच म्हणाली, "आता डोळे मिटू नकोस गं आई."
मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी फोटो पिशवीत घालून दिला.

१६ जून
झोप नाही. डोळे मिटले तरी अंधार होत नाही. एक खोली दिसते, थोडी उंचावरून. पलंग, शिलाई मशीन, कपाट. आणि ती.

१८ जून
तीच खोली. आज ती समोर कपडे बदलत होती. मला मान वळवता येईना. आवाज येत नाही, पण ती फोटोशी बोलते, रडते, काचेला कपाळ टेकते. परक्याच्या दाराला डोळा लावून बसल्यासारखं वाटतं. लाज वाटते. फार लाज वाटते.

१९ जून
आता डोळे उघडे असतानाही दिसतं. कीबोर्डवर तिचा पलंग — आरशात माझ्याऐवजी ती, वेणी घालताना. काका परत आले. माझ्याकडे एकदाच बघितलं आणि विचारलं, कुणाला दिलेस? सांगितलं. फोटो परत आण, म्हणाले, डोळे पुन्हा मिटव, आणि तिला खरं सांग.

२० जून
भिंतीला धरत तिच्या घरी गेले. भिंतीवरून मीच मला दिसत होते, दारात चोरासारखी उभी. डोळे माझे आहेत म्हणून सांगितलं. फोटो मागितला. ती भिंतीवरच्या फोटोकडे वळली. मग म्हणाली,
"आई लवकर सुटू दे, असं मनात आलं होतं माझ्या. त्याची माफी मागत होते रोज. आणि समोर तुम्ही होतात?"
हो, आणि मी सगळं बघत होते — हे सांगायला हवं होतं. लाजेने तोंडच उघडलं नाही. फोटो तिने दिला नाही. आईला पुन्हा तुमच्या हातात देणार नाही, म्हणाली. भिंतीवरही नको. पेटीत तळाशी ठेवते.

२१ जून
फक्त खोली. वही चाचपून लिहितेय —
ती खुर्चीवर चढली. हात पुढे — छत फिरलं — तिचा चेहरा, अगदी जवळ. रडतेय. काल बोलले असते तर —
पेटी. उघडी. जुन्या चादरी —
पालथा नको — अगं, पालथा नको ठेवूस, मी —