पाचव्या घरचा जोगवा

के. आर. पुरम, बेंगळूर
बुधवार, मार्च १९९७

तीर्थरूप महानंदाअक्कास,

धाकट्या कृष्णाजीचा तुझ्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (हे डोकं सध्या गुळगुळीत आहे. का, ते पुढे येईलच. तू आधीच घाबरू नकोस, घाबरायचं काम इकडे मी पुरेसं करतो आहे.) तुझे गुडघे कसे आहेत? निपाणीची थंडी आता उतरली असेल. तू पाठवलेल्या सांडग्या मिरच्या पोचल्या. नेहमीप्रमाणे त्यातल्या वाटीभर आमचे म्यानेजर हयवदनराव यांना नेऊन दिल्या. त्यांनीही नेहमीप्रमाणे विचारलं, अक्का बऱ्या आहेत ना? तेव्हा तू बरी होतीस. तशी तू आजही बरीच असशील, देवी करो तसंच असो. पण बेंगळुरात कालपासून तुझी तब्येत जरा वेगळी आहे आणि ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत माझ्याकडून कळावं म्हणून हे पत्र. (फोन केला असता, पण तुमच्या गल्लीत फोन एकाच घरी, आणि तो उचलला की सगळी गल्ली ऐकते.)

कस्तुरीच्या पित्ताशयातले खडे तुला ठाऊक आहेत. पुढच्या बुधवारी कामगार विम्याच्या इस्पितळात ऑपरेशन ठरलं आहे. आता त्या इस्पितळाचं दार आम्हाला उघडतं ते माझ्या कार्डावर, आणि कार्ड चालू राहतं ते 'हा मनुष्य अजून आमच्याकडे कामाला आहे' असा दाखला कारखान्याने दर सहा महिन्यांनी दिला तर. आमचा पीण्या वसाहतीतला नटबोल्टांचा कारखाना सध्या अर्धा चालू, अर्धा बंद. माणसं कमी करायला मालक निमित्तच शोधताहेत. न सांगता गैरहजर राहील त्याचं नाव मस्टरवरून काढू, अशी नोटीस फळ्यावर लागली आहे. नाव गेलं की कार्ड गेलं, कार्ड गेलं की ऑपरेशन गेलं, आणि त्याच्या पुढचं मी मनातसुद्धा म्हणत नाही. संक्रांतीला दाखला अडून कार्ड बंद पडलं होतं, तेव्हा हे सगळं मी तुला सांगितलं आणि तू तिथल्या तिथे देवीला बोललीस, की कार्ड चालू होऊ दे, माझा भाऊ अनवाणी पायांनी पाच घरी तुझा जोगवा मागेल. अक्का, नवस तुझा आणि पाय माझे, ही आपली वाटणी मी चौथीत असल्यापासून चालत आली आहे.

देवीने तिचं काम केलं. हयवदनरावांनी दाखल्यावर सही केली, दवाखान्याने कार्ड चालू केलं. मग कस्तुरी मागे लागली, की सुरी लागायच्या आधी नवस फेडून टाका, देवीची उधारी पोटात ठेवून मी टेबलावर झोपणार नाही. मी होय म्हणालो. पण इथे के. आर. पुरममध्ये परडी घेऊन फिरायचं म्हणजे शेजारच्या पद्मावतीबाई बघणार, त्यांचे यजमान बघणार, माझ्याच कंपनीच्या बसमधली माणसं बघणार. जोगवा म्हणजे काय हे इथे कुणाला समजावत बसू? म्हणून मी शक्कल काढली. शुक्रवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि दोन बस बदलून पार बनशंकरीला गेलो. देवीचं ठिकाण, आणि ओळखीचं कुत्रंही नाही. कपाळभर मळवट, गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी, आणि धोतर ते जुनं (नवं अनवाणी चालताना मळेल म्हणून कस्तुरीनेच नेसू दिलं नाही, हे तिने आता कबूल करावं).

पहिल्या दारात 'उदो' म्हणताना आवाज फुटेना. त्या बाईंनी मला पाणी हवंय समजून तांब्या आणला. पण बायका चांगल्या गं. एकीने विचारलं, यल्लम्माचे का? मी मान डोलावली, आता तिथे कुठे अंबाबाईपासून सुरुवात करू? चार घरी मूठमूठ तांदूळ, पीठ मिळालं. पाचवं घर शोधत देवळाच्या बाजूला आलो, तर पायऱ्यांवर बसलेली सगळी माणसं एकदम उठून पळाली. निळी व्हॅन येऊन थांबली होती. मी पळालो नाही. मी कशाला पळू? मी तर बाजूला होऊन व्हॅनला वाट करून दिली.

व्हॅन एका संस्थेची होती. ही संस्था बेघर माणसांसाठी आश्रम चालवते. खाकी कपड्यातला एक मनुष्य उतरला आणि फार नम्रपणे मला विचारू लागला. घर कुठे? घर सांगितलं तर हा तिथे जाऊन विचारणार आणि पद्मावतीबाईंना कळणार. त्यापेक्षा घर नाहीच म्हणावं. मी म्हणालो, इल्ला. काम कुठे? कारखाना सांगितला तर तिथे फोन जाणार, 'तुमचा माणूस देवळापाशी भीक मागताना सापडला' म्हणून. मी म्हणालो, इल्ला. बायकामुलं? आणि अक्का, त्या ओघात माझ्या तोंडून तिसऱ्यांदाही इल्ला निघून गेलं. ऑपरेशन तोंडावर आलेलं, गळ्यात देवीच्या कवड्या, आणि मी म्हणतो बायको नाही! मी तिथल्या तिथे थुंकलो, गालांत मारून घेतल्या, देवीची माफी मागितली. तो प्रकार बघून त्याची खात्रीच पटली. 'स्वल्प बन्नी', जरा या, म्हणत त्याने दंडाला धरलं आणि मला आत बसवलं.

व्हॅनमध्ये पळता न आलेली एक म्हातारी होती, गोजराबाई. विजापूरकडची, आपल्यासारखंच मराठी बोलणारी, आणि खोकला असा की ऐकणाऱ्याच्या बरगड्या दुखाव्यात. तिच्याकडून मला सगळी व्यवस्था कळली. सरकार आश्रमाला अनुदान देतं ते खाटेवरच्या माणसांवर. मार्चअखेरीला अनुदानवाले साहेब बघायला येतात, त्यामुळे मार्चअखेरीला खाटा भरलेल्या लागतात. साहेब गेले की व्हॅन सगळ्यांना जिथून उचललं तिथे आणून सोडते. यंदा साहेब सोमवारी येणार होते. म्हणजे सोमवारपर्यंत मी आत! शनिवारी कारखाना, सोमवारी कारखाना, आणि फळ्यावर ती नोटीस.

आश्रम वाईट म्हणवणार नाही. गरम पाणी, धुतलेलं पांघरूण, भात-सारू दोन वेळा. पण आल्या आल्या उवांसाठी सगळ्यांची डोकी करतात. मी न्हाव्याचे पाय धरले, त्याने माझं डोकं धरलं. तुला सांगतो, मिशीसुद्धा ठेवली नाही. हात डोक्यावर फिरवला आणि आधी कस्तुरी आठवली. बायको ऑपरेशनला निघालेली आणि नवऱ्याने आधीच डोकं करून ठेवलेलं, याहून अपशकुन तो कोणता? वॉर्डनला जाऊन सगळं खरं सांगावं म्हणून मी तीनदा उठलो. तिन्ही वेळा तो समोरच्या टेलिफोनवर हात ठेवून म्हणाला, कारखान्याचं नाव सांगा, आत्ता विचारून घेतो. तिन्ही वेळा मी परत येऊन बसलो. शेवटी त्याने माझ्या नावापुढे 'बोलत नाही' असं लिहून टाकलं. घरी कस्तुरी काय करत असेल, पोट तर दुखत नसेल, या विचाराने शनिवार-रविवार मला घास उतरला नाही.

परडी मात्र मी सोडली नव्हती. गोजराबाईने ओळखलं. नवस आहे काय म्हणाली. मी सांगितलं, की चार घरं झाली, पाचवं राहिलं, आणि बुधवारचं ऑपरेशन. तिने पदराची गाठ सोडली. त्यात देवळात मिळालेले मूठभर तांदूळ होते. ते तिने माझ्या परडीत टाकले आणि हात जोडून उदो म्हणाली. मला नको म्हणता आलं नाही. जोगव्याला नको म्हणायचं नसतं असं तूच शिकवलं आहेस. पण तेव्हापासून जीव टांगणीला लागला आहे. नवस बोललेला पाच घरांचा, आणि हिला तर घरच नाही. हे पाचवं घर देवी धरेल की नाही, ते तूच सांगू शकशील.

सोमवारी साहेब आले, खाटा बघितल्या, माझ्या डोक्यावरून मायेने हात फिरवला आणि गेले. दुपारी व्हॅन दाराशी लागली. मी पहिला चढलो. गोजराबाई चढेना. खोकला बसेपर्यंत राहू द्या म्हणून वॉर्डनला विनवत होती. तो तरी काय करणार, अनुदान हातात पडायला पावसाळा उजाडतो, तोवर एवढ्यांना खायला काय घालू म्हणाला, आणि ते म्हणताना त्याचीही मान खाली होती. मला ठेवतील म्हणून मी तीन दिवस थरथरत होतो आणि ती सोडतील म्हणून. वाटेत तिने माझ्या कार्डाचं विचारलं, तिला ते मिळेल का. मी समजावलं, की त्याला कारखान्यात नोकरी लागते.

ती म्हणाली, "नोकरी न्हाई त्यो आजारी पडत न्हाई व्हय, अण्णा?"

बनशंकरीला ती पायऱ्यांकडे गेली आणि मी बसकडे.

घरी दार उघडलं तर कस्तुरीचे डोळे सुजलेले. दोन दिवस पद्मावतीबाईंना घेऊन पोलीस स्टेशन, इस्पितळं, सगळं पालथं घातलं होतं बिचारीने. तिने माझ्या डोक्याकडे पाहिलं, चौकट धरली आणि विचारलं, "कोण गेलं?"

"कोणी नाही. केसच गेले," मी म्हणालो.

आधी ती रडली, मग तिने मला केरसुणीने दोन हाणल्या, मग सगळं ऐकून उजवी कूस दाबून इतकी हसली की मला वाटलं ऑपरेशन आजच करावं लागतंय.

काल कारखान्यात गेलो. खरं सांगायचं ठरवून गेलो होतो, देवीशपथ. हयवदनराव मस्टर उघडून बसले होते आणि माझ्या नावावर त्यांची पेन्सिल होती. त्यांनी मान वर केली, माझं डोकं बघितलं, आणि त्यांचा चेहराच उतरला. आपले आईवडील कधीच गेले हे त्यांना ठाऊक. त्यांनी हळूच विचारलं, "अक्कना?" मी तोंड उघडलं. पण समोर ती पेन्सिल, आणि डोळ्यांपुढे कस्तुरी. मला शब्दाऐवजी रडू आलं. खोटं नव्हतं गं ते, तिच्या भीतीचं रडू होतं, पण त्यांनी ते तुझ्या नावावर घेतलं. म्हणाले, आईच्या जागी होत्या, केस दिलेत ते योग्यच केलंत. मिरच्यांची आठवण काढून त्यांनीही डोळे पुसले. मग दोन पावलं मागे सरले (सोवळ्याचे कडक आहेत), कशाला शिवू नका म्हणाले, आणि शुक्रवारपासून तेराव्यापर्यंत रजा स्वतःच्या हाताने लिहून टाकली. त्या रजेत ऑपरेशनही बसतं. नोकरी वाचली, कार्ड वाचलं, फक्त तू गेलीस.

तेव्हा अक्का, ऑपरेशनला येते म्हणाली होतीस, ते आता कृपा करून रद्द कर. हयवदनराव बुधवारी इस्पितळात यायचं म्हणताहेत. दोन वर्षांपूर्वी जत्रेला आलीस तेव्हा त्यांनी तुला पाहिलं आहे. तू समोर दिसलीस तर माझं काय होईल याचा विचारसुद्धा करवत नाही. कस्तुरी बरी होऊन घरी आली की मी स्वतः त्यांच्या पायांवर पडून खरं सांगेन. तोवर निपाणीतच सुखरूप राहा. कस्तुरीचा तुला नमस्कार.

तुझा,
कृष्णाजी

ता. क. हयवदनरावांनी निपाणीच्या पत्त्यावर सांत्वनाचं कार्ड टाकलं आहे. कन्नडात असेल. तुझ्याबद्दल फार चांगलं लिहिलं असणार, हवं तर वाचून घे. पण उत्तर पाठवू नकोस, निदान स्वतःच्या अक्षरात तरी नको.

ता. क. दुसरा. आज सकाळी मी विम्याच्या दवाखान्यात जाऊन डॉक्टरांपुढे खोकलो. भीत भीत, पण खोकलो. कार्डावर औषधाची मोठी बाटली मिळाली. ती घेऊन कस्तुरीने मला बनशंकरीला पाठवलं. गोजराबाई पायऱ्यांवरच होती. तिथेच दोन घोट घेऊन म्हणाली, कडू आहे, म्हणजे खरं आहे. हे कुणाला बोलू नकोस, कार्ड जाईल.

ता. क. तिसरा. पत्र बंद करता करता कस्तुरी झोपेत कण्हली आणि मी पाकीट पुन्हा उघडलं. वर 'येऊ नकोस' म्हणून लिहिलं आहे, ते लिहिलंच नाही असं समज. पाचवं घर धरतात की नाही तेही पत्राने कळवू नकोस, नाही असेल तर इथे एकट्याने वाचायची माझ्यात हिंमत नाही. अक्का, कस्तुरी हसते आहे ती माझ्यासाठी, हे मला कळतं. तू ये. डोक्यावरून पदर घेऊन ये, तिची मावशी म्हणून ये, हयवदनरावांनी ओळखलंच तर ओळखू दे. बुधवारी तिला आत नेतील आणि दार लावतील, तेव्हा त्या बाकावर माझ्याशेजारी कोणीतरी बसलेलं पाहिजे.