कमान सरळ झाली

१४ मार्च, दुपार

प्रिय ताई,

मी मजेत आहे, तूही असशील. आईचा गुडघा कसा आहे?

ताजी बातमी अशी की माझी रूममेट, म्हणजे पोक काढून चालणारी आपली कमान, पाठ सरळ करण्यात अख्ख्या होस्टेलमध्ये पहिली आली. आज सकाळी खेळाच्या मॅडमनीच सांगितलं, म्हणजे अफवा नाही. सत्र सुरू होताना त्यांनी चौकोन आखलेल्या भिंतीसमोर उभं करून आमचे बाजूने फोटो काढले होते. मग रोज सकाळी मैदानावर व्यायाम. काल पुन्हा फोटो काढले आणि जुने-नवे शेजारी ठेवून कोण किती सुधारलं ते पाहिलं.

कमानीचे दोन फोटो दोन वेगळ्या मुलींचे वाटतात. पहिल्यात मान पुढे, खांदे गोल, जमिनीवर पडलेलं काहीतरी शोधत असल्यासारखी. आता कान थेट खांद्याच्या वर. वर्गात मान चोळत नाही. जिने चढताना धापही लागत नाही, वर पोचून मला हाक मारते, "या आजीबाई, सावकाश या."

माझ्यात फरक शून्य. पहिल्या फोटोला मी श्वास रोखून, छाती काढून उभी होते. फिजिओथेरपिस्टची बहीण ना, तुझं नाव खाली जायला नको! मॅडम म्हणाल्या, "अगं, डॉक्टरकडे कुणी मेकअप करून जातं का?" सगळ्या हसल्या, कमान जरा जास्तच. मी काही मनाला लावून घेतलेलं नाही.

मग मॅडमनी तिला विचारलं, एवढं कसं जमलं. ती म्हणाली, मैदानावरचा व्यायाम होताच, शिवाय ताई दर रविवारी फोनवर शिकवायच्या.

मी विचारलं, "कुठल्या ताई?"

"तुझ्याच की."

रविवारी तुझा फोन लागायचा नाही, तेव्हा मला वाटायचं तू दवाखान्यात असशील. ती फोन घेऊन गच्चीवर जायची आणि मी तिला चिडवायचे, कोण भेटलाय म्हणून.

लहानपणी मी वाकून बसले की तू मागून यायचीस आणि पाठीला दोन बोटं टेकवायचीस. मी लगेच ताठ व्हायचे. इथे मी तशीच वाकून बसते.

तिला शिकवलंस ते बरंच केलंस. तिची मान खरंच फार दुखायची. पण मला सांगितलं का नाहीस? मी विचारलं असतं तर मलाही शिकवलं असतंस का? मी बहीण होते, पेशंट व्हायचं मला सुचलंच नाही.

फोनवर हे बोलले असते तर तू "वेडाबाई" म्हणून हसली असतीस आणि मीही हसले असते. म्हणून लिहिलं.

पुढच्या रविवारी तू येतेस. बसथांब्यावर कमानही येणार आहे, तुला चालून दाखवायला. येऊ दे बापडी. पण उतरलीस की आधी माझ्याकडे ये.

तुझी सख्खी, एकुलती एक बहीण