पुसू नका

सोमवार
लागली बाई एकदाची नोकरी! खुर्ची खिडकीजवळ, कॉम्प्युटर नवाकोरा आणि साहेब चक्क हसतात. आईला फोन केला तर म्हणाली, भिंगरी, आता तरी एका जागी बस. घरात ती एकटीच, म्हणून रोज संध्याकाळी फोन करायचं कबूल करून घेतलंन. माझ्या आधी इथे कोण बसायचं, असं विचारलं. होतं कुणीतरी, म्हणाले सगळे. खणात त्याचा चष्मा राहिलाय.

मंगळवार
आमची वेबसाइट दवाखान्यांसाठी, जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलेली. लॉगिन केलेला माणूस कोण, हे वरच्या पानापासून खाली डेटाबेसपर्यंत प्रत्येक थराला कळावं लागतं. आधीच्या बाबाने युक्ती केलीय. थ्रेड म्हणजे आतला हमाल; नाव त्याच्याच खिशात टाकायचं, ज्या थराला हवं त्याने काढून बघावं. झकास! पण काम संपलं की खिसा रिकामा करायचा, ते केलंच नाही. तोच हमाल पुढच्याचं काम घेतो आणि त्यावर मागच्याचं नाव लागतं. एका नर्सबाईंच्या नोंदींवर भलत्याच माणसाचं नाव येतंय. त्या नावाचं खातंच नाही. कोडमध्ये त्याची टीप सापडली: पुसू नका, मी एवढाच उरलोय. नाटकीच दिसतेय स्वारी.

बुधवार
एका ओळीचं काम. प्रत्येक कामाच्या शेवटी खिसा साफ. चाचणी माझ्याच लॉगिनवर केली, पास! साहेबांनी पाठ थोपटली. ते परकं नाव गेलं, अगदी जुन्या नोंदींतूनही. तिथून जायला नको होतं खरं. चष्माही दिसेना. सफाईवाल्या मावशींनी उचलला असेल.

गुरुवार
गेटवरच्या काकांनी अडवलं. कालच तर गप्पा मारल्या होत्या! ओळखपत्रावर फोटो आहे, नावाची जागा कोरी. साहेबांनी विचारलं, कुणाला भेटायचंय? मी हसले. ते नाही हसले.

शुक्रवार
ती ओळ काढायला बसले. लॉगिन होत नाही, असा वापरकर्ताच नाही म्हणे. शेजारच्याला हातापाया पडून विनवलं. तो म्हणाला, आधी तुम्ही कोण ते सांगा.
आईला फोन केला. कोण बोलतंय, म्हणाली. मी भिंगरी म्हटलं. बाळ, राँग नंबर लागलाय, मला मूलबाळ नाही, म्हणाली. परक्यालाही बाळच म्हणते ती. मग म्हणाली, का कुणास ठाऊक, संध्याकाळ झाली की फोनपाशी येऊन बसते मी.
फार रडले.

शनिवार
घरी गेले. आईने पाणी दिलं, कुणाकडे आलात विचारलं. सांगणार होते, पण —
तो खिसा का पुसत नव्हता, आता कळलं. मी त्याचं शेवटचं —

रविवार
बाकावर बसलेय. हातात ही वही. पहिल्या पानावर कुणी भिंगरी आहे. गोड वाटते पोरगी. तिची आई वाट बघत असेल, कुणीतरी कळवायला हवं. नंबर नाही लिहिलेला —
संध्याकाळ होत आली. मला कुणाला तरी —