माझा सर्व्हर आणि त्यांचं क्लाउड

सोमवार, ४ मार्च
आमच्या गाद्यांच्या कंपनीच्या मालकीणबाईंनी केबिनमध्ये बोलावून विचारलं, आपला स्वतःचा सर्व्हर बरा, की क्लाउडवर भाड्याने जागा घेतलेली बरी? शुक्रवारपर्यंत रिपोर्ट द्या. अगदी तटस्थपणे लिहिणार. आपलाच सर्व्हर बरा, एवढं ठरवून टाकलं. आता फक्त तुलना करायची राहिली.

मंगळवार, ५ मार्च
रिपोर्टचं शीर्षक टाइप केलं. मग फाँट बदलत बसलो. मुद्दा पहिला: आपला डेटा परक्याच्या घरी कशाला? बायकोला वाचून दाखवला. म्हणाली, अहो, मग माझे दागिने बँकेच्या लॉकरमध्ये कशाला? म्हटलं, ती गोष्ट वेगळी. कशी वेगळी, ते उद्या लिहीन.

बुधवार, ६ मार्च, सकाळी
प्रात्यक्षिकच द्यायचं ठरवलं. सगळ्या स्टाफला सर्व्हर रूममध्ये बोलावलंय. सर्व्हर बंद करून चुटकीसरशी चालू करून दाखवणार.

दुपारी
बंद करण्याचा भाग उत्तम झाला.

गुरुवार, ७ मार्च
सर्व्हर अजून बंदच. पण ऑफिसात कुणाची ओरड नाही! बिलं निघतायत, गोदामातून गाद्या रवाना होतायत. बंद पडूनही काम अडू देत नाही, असा सर्व्हर क्लाउडवाल्यांनी दाखवावा! रिपोर्टात ठळक अक्षरांत घातलं.

शुक्रवार, ८ मार्च
हिशेबाच्या बाईंना सहज विचारलं, ही बिलं निघतात कुठून? त्या इकडेतिकडे बघायला लागल्या. मग म्हणाल्या, "भाऊ, रागावू नका. आम्ही गेल्या वर्षीच क्लाउडवर गेलो. तुम्ही सर्व्हरला इतकं जपता, सांगायला कुणाची जीभच रेटेना." म्हणजे मालकीणबाईंनाही ठाऊक होतं! मी आपण होऊन क्लाउडला राजी व्हावं, म्हणून रिपोर्टचा घाट.
रिपोर्ट दिला नाही. फाँट अजून पसंत नाही.

शनिवार, ९ मार्च
मेकॅनिक येऊन गेला. डिस्क गेली, आतलं काही हाती लागणार नाही म्हणाला. कंपनीचं काहीच बिघडलं नाही. पण लेकीचे रांगत्या वयापासूनचे फोटो मी तिथेच ठेवले होते, सर्वांत सुरक्षित जागा म्हणून.
घरी आल्यावर बायकोला कसंबसं सांगितलं. ती कांदा चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "फोटो आहेत हो. लेकीने कधीच क्लाउडवर टाकलेत. तुमचंच नाव पासवर्ड ठेवलंय."
डोळ्यांत पाणी आलं. कांद्यामुळे.
फोटो बघायला बसलो. पासवर्ड चुकला. परत टाकला, परत चुकला. शेवटी तिनेच हात पुसून माझं नाव टाइप करून दिलं.