उतरवलेली चौकट

प्रिय मनोज,

तुझा फोन बंद, म्हणून शेवटी कागद घेऊन बसले. गजा उद्या टेंपो घेऊन मुरबाडला येतोय, तो हे पत्र मामाच्या घरी तुझ्याच हातात देईल. बँकेने पोलिसांत तक्रार दिल्यावर तू तिथे जाऊन बसलास, हे मला मामीकडून कळलं. तुला दोन शब्द कळवता आले नाहीत. असू दे, रुसायला आत्ता सवड नाही. छाया माहेरी बरी आहे. तुझ्यावर चिडलीय, आणि चिडायलाच हवं.

काल इथून, कुंभिवलीहून, मुद्दाम दहिवलीला गेले. आपलं घर लांबून ओळखूच येत नाही रे. पुढचं दार नाही, चौकट नाही, नुसतं भगदाड. त्यावर बँकेने पत्रा ठोकलाय. फटीतून आत बघितलं. स्वयंपाकाचा ओटा फुटलेला, बेसिनचे तुकडे मोरीत. घर जाणार हे आपण कधीच मनाशी धरलं होतं. घर गहाण टाकून पळसदरीला बांधलेल्या तुझ्या भाड्याच्या खोल्यांना पाहुणे आले नाहीत, हप्ते थकले, आणि भिंतीला ताब्याची नोटीस लागली. पण ते असं जाईल असं वाटलं नव्हतं.

चौकटीचं मी समजू शकते. आपल्याकडे घर सोडताना पुढची चौकट उतरवून बरोबर न्यायची, ही रीतच आहे. आबांनीही जुन्या गावातून ती बैलगाडीत घालून आणली होती, आपल्याच बांधावरच्या सागाची. भिंती उभ्या राहायच्या आधी ती उभी राहिली आणि आईने हळदकुंकू लावलं. तू तेव्हा माझ्या कडेवर होतास आणि सारखा अक्षता तोंडात घालत होतास. त्यामुळे त्या दिवशी मी डबा घेऊन आले आणि तू पहार लावून चौकट काढताना दिसलास, तेव्हा मी तुला अडवलं नाही. मलाही ते बरोबरच वाटलं.

ते बरोबर नव्हतं. माझी शाळेतली मैत्रीण आयशा आता कर्जतला वकिली करते, तिच्याकडे जाऊन बसले. तिने नीट समजावलं. कर्ज फिटलं नाही एवढ्यावरून कोणी तुरुंगात जात नाही, घर जातं. पण गहाण टाकलेल्या घरात भिंतीला जे पक्कं बसलंय तेही गहाणच असतं, मग लाकूड कोणाच्या का बांधावरचं असेना. ते जाणूनबुजून काढलं, फोडलं, तर मामला फौजदारीत जातो. मी रीतीचं सांगू लागले तर म्हणाली, जयवंता, रीत होती तर नोटीस लागायच्या आधी बँकेला विचारायचं होतं.

आणि ओट्याचं काय, मनोज? ओटा उतरवायची कुठलीच रीत नाही. तो तू रागाने फोडलास. नवीन येईल त्याला आयतं मिळू नये म्हणून घण घातलास, मी दारात उभी असताना. मी ओरडले, तू ऐकलं नाहीस. लहानपणी हरायला लागलास की पट उधळून द्यायचास, तेच हे. तेव्हा आई हसायची. आता कोणी हसणार नाही.

आता कोंडाजी मिस्त्रीचं. चौकट त्यांच्या शेडमध्ये सापडली. त्यांनी तुझ्या सांगण्यावरून फक्त खिळे सोडवले आणि ती ठेवून घेतली, पण तक्रारीत नाव त्यांचं चढलंय. या वयात त्यांना रोज ठाण्यात बसवून ठेवतात. मी भेटायला गेले तर म्हणाले, "पोराचं नाव मी नाय घेनार गं बाय. आबाजीनं मला भाऊ मानलावता." त्यांची सून बाजूला उभी राहून रडत होती. मला तिच्याकडे बघवेना. ते तुझं नाव घेत नाहीत आणि तू मामाच्या ओसरीवर पंख्याखाली बसतोस, याची मला लाज वाटते. तुझी वाटते आणि माझीही वाटते.

म्हणून आता ऐक. ठाण्यातल्या साहेबांनी मला विचारलं, तुम्ही त्या दिवशी तिथे होतात का. मी होय म्हटलं. सोमवारी सकाळी माझा जबाब आहे, आणि मी बघितलं तसं सगळं सांगणार आहे: पहार कोणाच्या हातात होती, घण कोणी घातला. हे तुला एखाद्या हवालदाराकडून कळू नये, तुझ्या बहिणीकडूनच कळावं, म्हणून हे पत्र. आयशा म्हणते, तू आपणहून हजर झालास, चौकट परत बसवून दिलीस आणि ओट्याची भरपाई मान्य केलीस, तर बँक तडजोडीला येईल. कोर्टही ते बघेल. रविवारी ये, माझ्याकडे जेव, सोमवारी आपण दोघं बरोबर जाऊ. आलास तर शेवटपर्यंत तुझ्या शेजारी उभी राहीन. नाही आलास, तरी माझा जबाब बदलणार नाही.

आलास तरी, नाही आलास तरी तुझीच,
जयवंताताई