माथ्यावरचे सात ऐन आणि वही नंबर तीन

६ जाने., मंगळवार
सकाळी पेपरात रेश्माचा फोटो. आतल्या पानावर, पण चांगला चार कॉलम. मागं आमचा डोंगर, गारगोटीच्या वरचा. हवा तापत चाललीय, माथ्यावरचं धुकं कमी झालंय, त्यामुळं खालच्या उतारावरची ऐनाची झाडं वर सरकतायत आणि माथ्यावरच्या पिसा या झाडाची नवी रोपं दिसेनाशी झालीत, असं तिचं म्हणणं. सगळं बरोबर आहे. चुकीचं असतं तर इतकं लागलं नसतं.

रेश्मा मुल्ला. माझ्या वर्गात दुसऱ्या बाकावर बसायची. पिसा कसा ओळखायचा हे मी शिकवलं तिला. पान उलटं करून खालचा पांढुरका रंग दाखवला, ते पान तिच्या वडिलांच्या फ्रेमच्या दुकानातल्या काचेत घालून तिनं माझ्या टेबलावर आणून ठेवलं होतं. आता माझ्याच खुर्चीवर आहे. वनस्पतिशास्त्र विभाग.

सुमननं पेपर मुद्दाम चहाशेजारी उघडून ठेवलेला. "तुमची पोरगी चमकली की!" म्हणाली.

दुसरा चहा घेतला नाही.

९ जाने.
रे.चा फोन. "सर, तुम्ही डोंगराच्या वाटेवर ऐनांना डांबराचे पट्टे मारलेले. त्याची वही हाय का? सगळ्यात वरचा ऐन तवा कुठं होता, एवढंच पायजे. आत्ता कुठं हाय ते मी मोजलंय. पण तवाचं न्हाय मिळालं तर माझं काम अर्धंच."

"पुरात गेली," म्हणालो.

ठरवून नाही बोललो. तोंडातून निघून गेलं.

ती म्हणाली, "अरेरे, सर. किती वर्षं पायपीट केलीसा." मलाच धीर देत होती! फोन ठेवल्यावर पाच मिनिटं बरं वाटलं. मग नाही वाटलं.

पुराचं पाणी आमच्या जिन्याच्या दुसऱ्या पायरीवरून परत फिरलं होतं. वह्या माळ्यावर, ट्रंकेत.

१० जाने.
सुमन भाजीला गेल्यावर ट्रंक काढली. वही नं. ३. कडा पिवळ्या पडल्यात, हिरवी शाई अजून टवटवीत. तेव्हा मला हिरव्या शाईची भारी हौस. प्राचार्य चिडायचे म्हणून जास्तच.

सापडलं. 'सर्वांत वरचा ऐन – तिसरे वळण, पांढऱ्या दगडाजवळ. त्याच्या वर एकही नाही.' खाली दोन रेघा मारलेल्या. त्यापुढं काय? काही नाही. पुढच्या पानावर कॉलेजच्या पोरांचं डोंगरावर शिबिर नेलेलं, त्याच्या जेवणाची यादी. नंतर परत जाऊन बघितलंच नाही कधी. डोंगर काय पळून जातोय, असं वाटायचं. मी टिपून ठेवलं आणि तिनं विचारलं, एवढाच फरक. एवढाच म्हणतोय, पण झोंबतोय.

आणि त्याच वहीत, पाच पानांनंतर, दुसरं एक. शिबिराच्या शेवटच्या दिवशी माथ्यावर देवळामागं झाडं लावायची होती. जांभळं मागितली होती. नर्सरीत जांभळं संपलेली, ऐनाची रोपं होती. पोरं टेम्पोत बसलेली, फोटोवाला आलेला. मोकळ्या हातानं कसं जायचं? नेले ऐन. सात. माथ्यावर ऐन लावायचा नसतो हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. तरी लावले.

पेपरातला फोटो परत काढला. रे.चा हात ज्या खोडावर आहे ती साल ऐनाची, मगरीच्या पाठीसारखी. मागं देवळाची पाण्याची टाकी.

माझेच ऐन! आणि ही म्हणतेय ते चढून आले.

आनंद झाला. इथं कुणापासून लपवायचंय? पोटभर आनंद झाला.

१४ जाने., संक्रांत
रे. तिळगूळ घेऊन आली. कॉटनची साडी, खांद्याला तीच शबनम. "गोड बोला, सर." मी वडी तोंडात टाकली, म्हणजे बोलायचा प्रश्न मिटला.

२४ला कॉलेजात तिचं व्याख्यान. बाहेरून मोठमोठी माणसं येणार. "पयल्या रांगेत बसायचं. न्हाईतर मी सुरूच करत न्हाय."

तेव्हाच सांगता आलं असतं. एक वाक्य होतं, ते देवळामागचे ऐन आम्ही लावलेत म्हणून. नाही सांगितलं. चारचौघांत सांगू म्हटलं. प्रश्नोत्तरात उठायचं, सावकाश चष्मा लावायचा आणि वाचायचं. मी 'येतो' म्हणालो. सुमननं माझ्याकडं पाहिलं. ही बाई छत्तीस वर्षं बघतेय मला.

१८ जाने.
पकडला गेलो. वही उशीखाली ठेवली होती, चादर बदलताना सुमनच्या हाताला लागली.

"ही पुरात गेलती न्हवं?"

फोनवरचं सगळं ऐकलं होतं तिनं तर. मी पेपर वाचत राहिलो.

"अहो, पोरीच्या वाईटावर कशाला उठलाय?"

"वाईटावर नाही. तिची चूक आहे, ती दाखवणार."

"मग आजच दाखवा. २४ तारखेची वाट का बघताय?"

जेवताना तिनं पांढरा रस्सा माझ्या वाटीत ओतला आणि तांबडा स्वतःकडं ठेवला. रागावली की असंच करते.

मला काय हवं होतं? मथळा हवा होता. माझा फोटो, देवळामागं. साठी ओलांडली तरी वाटतं, कुणीतरी म्हणावं की हे यांनी आधी बघितलं होतं.

२४ जाने., शनि.
सात ऐन लावल्याचं पान कापून खिशात घेऊन गेलो. वही पिशवीत. पहिली रांग, मधली खुर्ची.

चांगली बोलली. मुद्दाम चुका शोधत ऐकलं तरी चांगली बोलली. ऐन वर जातोय, त्याच्या वर नाणा-अंजनीची झाडं आणि सगळ्यात माथ्याला पिसा. "ऐनाला वर जागा हाय. पिशानं वर कुठं जायाचं? वर तर नुसतं आभाळ."

मग तो फोटो पडद्यावर आला. मी चष्मा पुसला.

"हे सात ऐन मी मोजलेले न्हाईत," ती म्हणाली. "पेपरच्या फोटोवाल्याला तिथला उजेड आवडला, म्हणून तिथं उभी केली मला. हे लावलेले हायत. देवळाच्या बाळू गुरवांनी पयल्याच दिवशी सांगितलं, 'एक पावणं मास्तर पोरं घेऊन आलतं, त्येनी लावली.' ते मास्तर म्हणजे आमचे सर. इथं समोर बसलेत."

सगळी मान वळवून बघायला लागली.

"जुनी हद्द कुठं होती ते फक्त सरांच्या वहीत होतं. ती पुरात गेली." सभागृह हळहळलं. मागून कुणीतरी 'च् च्' केलं. मग टाळ्या. निवृत्तीच्या सत्काराला इतक्या पडल्या नव्हत्या. उठून नमस्कार करावा लागला. दुसऱ्या हातात पिशवी धरलेली, म्हणून एका हातानंच केला.

चहाच्या वेळी जवळ आली. "सर, आठवणीतनं तरी दाखवा. पुढच्या रविवारी वर जाऊ. पुढचा महिना संपायच्या आत लेख पाठवायचा हाय. तुमचं नाव माझ्या आधी घालणार मी."

म्हणजे मोठेपणातही पुढं निघून गेली. हे सगळ्यात वाईट.

२५ जाने.
सकाळी कापलेलं पान डिंकानं परत वहीत चिकटवलं. वाकडं बसलं.

आठवणीतनं दाखवायला काही हरकत नाही. पांढरा दगड आठवतो. पण तिला कागद लागेल, तारीख लागेल. आणि वही दिली तर 'सर, पुरात गेलती न्हवं?' हा प्रश्न. ती विचारणार नाही. नुसती बघेल, आणि 'बरं झालं सापडली' म्हणेल.

सुमनला विचारलं, काय करू.

शेंगा सोलत होती. वरसुद्धा बघितलं नाही. "न्हाणीत बादली भरलीय. बुडवा त्यात, वाळवा आणि द्या. पुरातनं सापडली म्हणा."

चेष्टेत म्हणाली. की नाही, कळलं नाही.

उठलो, वही घेऊन न्हाणीपर्यंत गेलो. बादली काठोकाठ. वहीचा एक कोपरा पाण्याला लावला, अगदी नखाएवढा. हिरवा रंग लगेच सुटला. पाण्यात दोऱ्यासारखा खाली गेला. शाई तेव्हाची, दौतीतली. 'पांढऱ्या दगडाजवळ' ही अक्षरं त्या कोपऱ्यापासून चार बोटांवर. वही मागं ओढली.

वही उन्हात ठेवलीय, कठड्यावर. कोपरा वाळतोय. रे.चा दोनदा फोन येऊन गेला. सुमननं उचलला नाही, मला हाकही मारली नाही. बादली अजून तशीच भरलेली आहे.